प्री-सीझनचे सहा आठवडे: आधी दमसास की आधी चेंडू?

फुटबॉलची लीग सुरू व्हायला सहा आठवडे आहेत, म्हणजे प्री-सीझन, हंगामाआधीच्या सरावाचा काळ. संघात बावीस-चोवीस पोरं, त्यातली बरीचशी दिवसा कामावर किंवा कॉलेजात. मंडळाच्या पेटीतून खेळाडूंच्या तब्येतीसाठी थोडेफार पैसे निघतील, पण ते एकाच मोठ्या गोष्टीला पुरतील. कोल्हापुरातल्या तालमींच्या संघांना हे गणित नवं नाही, आणि पुणे-मुंबईतल्या लहान क्लबांनाही नाही. पैसे आणि वेळ कुठे घालायचा हे तुम्हाला ठरवायचं असेल, तर प्रश्न तीन आहेत: सरावाची सुरुवात कशाने करायची, खेळाडूवर पडणारा ताण कसा मोजायचा, आणि दुखापतीतून परतणाऱ्याला मैदानात कधी सोडायचं. माझ्या मते तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि आपल्याकडे नेमका तोच शेवटी विचारला जातो.

पळवायचं की खेळवायचं

जुनी पद्धत सगळ्यांच्या ओळखीची आहे. पहिले दोन आठवडे चेंडू बाजूला, मैदानाला राऊंड, टेकडी, शटल (दोन खुणांमधल्या ये-जा धावा), बैठका. दमसास तयार झाला की मग खेळ. ही पद्धत अगदीच चुकीची असती तर फेलिक्स मागाटसारखा प्रशिक्षक जिंकलाच नसता. मेडिसिन बॉल आणि चढावरच्या धावांसाठी तो जर्मनीत बदनाम होता, पण त्याच्याच वोल्फ्सबुर्गने 2009 मध्ये बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची सर्वोच्च लीग, जिंकली. दुसऱ्या टोकाला पोर्तो विद्यापीठातल्या व्हितोर फ्रादे यांच्या विचारातून आलेली पद्धत आहे. पहिल्या दिवसापासून चेंडू, आणि दम, ताकद, डावपेच सगळं एकाच सरावात. प्रशिक्षक जोसे मोरिन्यो त्याच वाटेने गेला आणि 2004 मध्ये पोर्तोच्या संघाला घेऊन चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकला. म्हणजे चषक दोन्ही वाटांनी मिळतात. आपल्याला बघायचंय ते कोणती वाट तुमच्या खेळाडूंना पहिल्या सामन्यापर्यंत धडधाकट पोहोचवते ते.

इंग्लंडमधल्या 91 व्यावसायिक क्लबांच्या दोन हंगामांतल्या दुखापतींच्या नोंदी 2002 मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यात एकूण दुखापतींपैकी 17 टक्के एकट्या प्री-सीझनमध्ये झाल्या होत्या. मांडीच्या पुढच्या स्नायूला बसलेली ओढ आणि टाचेमागच्या स्नायुबंधाची सूज या काळात विशेष दिसली. सुट्टीत सैल पडलेल्या पायांवर कडक मैदानात अचानक भार टाकला की हेच होतं. पाऊस संपल्यावर आपली मैदानं किती लवकर टणक होतात हे तुम्हाला सांगायला नको, आणि त्यात ऑक्टोबरचं ऊन. उष्णतेची सवय व्हायला शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. जुलै 2022 मध्ये दक्षिण कोरियात सोलच्या उन्हात टॉटनहॅम या इंग्लिश क्लबच्या खेळाडूंनी सरावाच्या शेवटी मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावा काढल्या, तेव्हा सॉन ह्युंग-मिन जमिनीवर कोसळला आणि हॅरी केन ओकला. त्यांच्या शेजारी डॉक्टर होते, बर्फ होता, दिवसभर विश्रांती होती. तुमचा खेळाडू आंघोळ करून कामावर जाणार आहे.

म्हणून मी चेंडूच्या बाजूचा आहे, पण एका अटीवर. चार-चार किंवा पाच-पाच जणांच्या छोट्या मैदानावरच्या खेळात थांबणं, वळणं, पुन्हा निघणं भरपूर होतं. त्याने दम तयार होतो, जांघेवर ताणही येतो, पण पूर्ण वेगाने पळायला जागाच मिळत नाही. सहा आठवडे असंच खेळवलेला विंगर (मैदानाच्या कडेने धावणारा खेळाडू) पहिल्या सामन्यात पहिल्यांदा सुसाट सुटतो आणि मांडीचा मागचा भाग धरून बसतो. तेव्हा आठवड्यातून दोनदा, अंग तापल्यावर आणि दमण्याआधी, 30-40 मीटरच्या मोजक्या धावा घ्या. सुरुवातीला तीन-चार, पूर्ण वेगाच्या थोड्या खाली, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पूर्ण वेग. मधे चालत परत येण्याएवढी उसंत द्या, नाहीतर ते वेगाचं काम उरत नाही.

वॉर्मअप: आपलं नेहमीचं की फिफा 11+

इथे फार तोलत बसण्यासारखं काही नाही. फिफा 11+ हा जागतिक फुटबॉल संघटनेचा, दुखापती टाळण्यासाठीचा वॉर्मअप फुकट आहे, साधारण 20 मिनिटांत होतो, पंधरा व्यायाम आहेत आणि सामान म्हणजे फक्त शंकू आणि चेंडू. नॉर्वेतल्या किशोरवयीन मुलींच्या संघांवर झालेल्या मोठ्या चाचणीत तो करणाऱ्या संघांमध्ये एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी भरल्या. मैदानाला दोन राऊंड आणि जागच्या जागी स्ट्रेचिंग या आपल्या नेहमीच्या वॉर्मअपच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की पोरांना तो पाठ आहे. 11+ ची खरी अडचण सातत्याची आहे. पहिले दोन आठवडे उत्साहात होतो, मग कोणीतरी म्हणतं, "आज वेळ नाही, डायरेक्ट गेम घेऊ." आठवड्यातून दोनदा तरी झाला नाही तर त्याचा उपयोग फारसा उरत नाही.

त्याला नॉर्डिक हॅमस्ट्रिंग या मांडीच्या मागच्या स्नायूच्या (हॅमस्ट्रिंगच्या) व्यायामाची जोड हवीच. गुडघ्यावर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि अंग सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. डेन्मार्कमध्ये 50 संघांतल्या 942 खेळाडूंवर याची चाचणी झाली. व्यायाम करणाऱ्या गटात हॅमस्ट्रिंगच्या 15 दुखापती झाल्या, न करणाऱ्यांत 52. पहिल्या आठवड्यात मांड्या भरून येतात, म्हणून सुरुवात एका वेळी पाच-पाचच्या दोनच फेऱ्यांनी करा आणि सामन्याच्या आदल्या दिवशी घेऊ नका.

जीपीएस बनियन की वही

जीपीएस बनियन, म्हणजे हालचाल टिपणारं यंत्र बसवलेलं बनियन, कोण किती आणि किती वेगाने पळाला ते अचूक सांगतं. वही फक्त खेळाडूचं म्हणणं सांगते. सराव संपल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येकाला विचारायचं, आजचा सराव शून्य ते दहामध्ये किती कठीण गेला? त्या आकड्याला मिनिटांनी गुणायचं. नव्वद मिनिटांना कोणी सात म्हणाला तर 630. आठवड्याची बेरीज मागच्या आठवड्याशी ताडून बघायची. एखाद्याची बेरीज एकदम उसळली तर पुढचा सराव हलका.

व्यावसायिक संघाला बनियन हवंच. पण शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीमध्ये आठ तास उभा राहून आलेल्या खेळाडूचा दिवस त्या बनियनला कळत नाही. तोच सराव त्याला नऊ वाटतो आणि घरून झोप काढून आलेल्याला पाच. हा फरक वहीत उमटतो. अट एकच: आकडा जास्त सांगितला म्हणून कोणाला संघाबाहेर बसवायचं नाही. एकदा तसं झालं की सगळे कायम पाचच सांगतील.

फिजिओ: बोलावला तर येणारा की मैदानावर असणारा

वॉर्मअप फुकट होतो आणि ताण वहीत मोजता येतो, म्हणून पैसे एकाच जागी घालायचे असतील तर ते फिजिओवर (फिजिओथेरपिस्टवर) घाला. पूर्णवेळ परवडत नसेल तर आठवड्यातून दोन संध्याकाळी, ठरलेल्या वेळी, मैदानावर. दुखापत झाल्यावर दवाखान्यात नेणं आणि फिजिओ डोळ्यांसमोर असणं यात फार अंतर आहे. दवाखान्यातला डॉक्टर एक दुखरा पाय तपासतो. मैदानावरचा फिजिओ हा खेळाडू गेल्या मोसमात याच पायाने लंगडत होता हे लक्षात ठेवतो, आणि आधी झालेली दुखापत हीच पुढच्या दुखापतीची सगळ्यात भक्कम खूण असते. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाची जुनी दुखणी लिहून काढणं हे त्याचं पहिलं काम.

घोटा मुरगळला तर चार पावलं टाकता येतात का बघायचं. येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबलं की दुखत असेल, तर एक्स-रे. डोक्याला मार लागून भोवळ आली किंवा बोलणं गोंधळलं तर त्या दिवशी खेळ बंद, सामना कोणताही असो. तालमीतल्या मालिशीबद्दल मला आदर आहे, दमलेल्या अंगाला ती सुख देते. पण ताज्या फाटलेल्या स्नायूवर पहिले दोन-तीन दिवस कोणालाही हात लावू देऊ नका.

आणि परत कधी सोडायचं? आपल्याकडे तारीख ठरते: "तीन आठवडे झाले, आता खेळ." ही पद्धत सोपी आहे, आणि मोठा सामना तोंडावर असला की तीन आठवड्यांचे दोन करते. चाचणीवर ठरवायचं तर हॅमस्ट्रिंगवाल्याने पूर्ण वेगाने न दुखता धावलं पाहिजे, दोन्ही पायांची ताकद जवळपास सारखी हवी, आणि सामन्याआधी संघाबरोबरचे तीन-चार पूर्ण सराव झाले पाहिजेत. घोटावाल्याला त्याच पायावर तोल सावरत उडी मारता आली पाहिजे. यात वेळ जास्त जातो आणि एखादा सामना हातचा जाऊ शकतो, पण तोच खेळाडू महिन्याभराने पुन्हा त्याच जागी दुखावून बसण्याची शक्यता कमी होते. गुडघ्यातल्या एसीएल या मुख्य अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर मात्र चाचणी आणि तारीख दोन्ही लागतात. नऊ महिन्यांपर्यंत परतणं एकेक महिना लांबवलं तर पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्याला सुमारे निम्म्याने घटतो, असं नॉर्वेतल्या अभ्यासात दिसलं. सातव्या महिन्यात पोरगा उड्या मारत असला तरी थांबवा.

हा थांबवण्याचा अधिकार कोणाचा, ते सराव सुरू होण्याआधी प्रशिक्षक, फिजिओ आणि मंडळाचे पदाधिकारी यांनी बसून लिहून ठेवावं. फिजिओ नाही म्हणाला तर तो खेळाडू यादीत नाही, आणि स्टेडियम भरलेलं असताना त्यावर फेरविचार नाही.