‘शंभर टक्के कॉपर’ ट्रान्सफॉर्मर, तोही सोनेरी तारेचा

व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्या) वापरून ॲम्प्लिफायर बनवणाऱ्यांनी आणि हाय व्होल्टेजचे उद्योग करणाऱ्यांनी हे जरूर वाचा. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला, बारा-झिरो-बारा (१२-०-१२ व्होल्टचे ट्रान्सफॉर्मर) हवे तितके मिळतात, पण २५०-०-२५० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर बांधूनच घ्यावा लागतो. नेमकं इथेच आपण फसवणाऱ्याच्या तावडीत सापडतो.

मला चार ईएल८४ व्हॉल्व्हचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर करायचा होता: एचटीला (हाय व्होल्टेजच्या पुरवठ्याला) २०० मिलिअँपिअर, व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरला ६.३ व्होल्ट, ४ अँपिअर. ऑनलाइन एक वाइंडर (ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारा) सापडला. फोनवर गोड बोलला, “साहेब, शंभर टक्के कॉपर, मेगर करून देतो.” (म्हणजे इन्सुलेशन तपासून.) निम्मे पैसे आगाऊ, उरलेले कुरिअर निघायच्या आधी. माल आला तो दिसायला झकास, वार्निश चकचकीत, बाहेर आलेल्या वायरी जाडजूड. मल्टिमीटरवर सगळे व्होल्टेज बरोबर. बिनलोडचं व्होल्टेज कुणाचंही बरोबरच येतं म्हणा!

व्हॉल्व्ह लावले आणि हीटर ५.६ वर आला. एचटीही बसलं. अर्ध्या तासात कोअरला (आतल्या लोखंडी गाभ्याला) हात लाववेना, वार्निशचा वास सुटला. बंद केला, फिल्टर कपॅसिटर रेझिस्टरने डिस्चार्ज करून घेतले (हे कधीही विसरू नका, ३०० व्होल्ट माफ करत नाहीत) आणि ट्रान्सफॉर्मर सोडवला. टेप उलगडली तर बाहेरची जाड वायर आत जेमतेम बोटभर होती, पुढे बारीक तार. ब्लेडने एनॅमल (तारेवरचा इन्सुलेशनचा थर) खरवडलं तर खाली तांबूसच दिसलं. क्षणभर वाटलं, बिचारा खरं बोलत होता. मग तार कापून टोक भिंगाखाली धरलं: कडेला तांब्याची पातळ रेघ आणि आत पांढरंशुभ्र. ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा. पकडीत धरून गॅसच्या ज्योतीत नेली तर तार लाल व्हायच्या आतच वितळून टपकली. तांबं १०८५ अंशांना वितळतं, ॲल्युमिनिअम ६६० ला.

ॲल्युमिनिअम वापरणं हा गुन्हा नाही, पण त्याचा रेझिस्टन्स तांब्याच्या साधारण दीडपटीहून जास्त. त्या प्रमाणात जाड तार घालायला हवी, मग ती कोअरच्या खिडकीत (तारेसाठीच्या मोकळ्या जागेत) मावत नाही. याने जाडी तीच ठेवली आणि भाव तांब्याचा लावला.

फोटो पाठवले. उत्तर आलं, “आजकाल सगळे हेच देतात.” त्यानंतर नंबर ब्लॉक. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे, पण पक्कं बिल नसल्यामुळे घोडं अडलंय. तेव्हा बिलावर ‘कॉपर वाइंडिंग’ आणि तारेचा गेज (जाडी) लिहून घ्याच. नाही म्हणाला तर उठा तिथून.

आता एनॅमल वायर मीच किलोवर विकत घेतो, टोक कापून बघतो आणि पुण्यातल्या एका वाइंडरकडे देतो. तो फक्त मजुरी घेतो आणि उरलेली तार वजन करून परत देतो.