पेंटॅक्स पॅपिलिओ टू ६.५×२१: चित्रदालनात आणि मैफलीत चालणारी एकच दुर्बीण

चित्रं आणि संगीत यासाठी शहरभर फिरणाऱ्याच्या पिशवीत दुर्बीण असावी, हे पटकन कुणाला पटत नाही. दुर्बीण म्हणजे पक्षी नाहीतर क्रिकेटचं मैदान, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण दालनात चित्रासमोर दोरी बांधलेली असते, मूर्ती डोक्याच्या खूप वर कोनाड्यात असते आणि मैफलीचं तिकीट पंचविसाव्या रांगेचं मिळालेलं असतं. तिन्ही ठिकाणी आड येतं ते अंतर. हे अंतर कमी करायला बाजारात बरीच साधनं आहेत, पण दालनात आणि सभागृहात सारखीच कामाला येणारी फार थोडी आहेत. त्यात पॅपिलिओचा नंबर पहिला लागतो.

खिशात मावणारी साधी ८×२१ दुर्बीण (म्हणजे आठ पट जवळ दाखवणारी, पुढचं भिंग २१ मिलिमीटर व्यासाचं) दालनात का चालत नाही, ते आधी बघू. तिचा फोकस साधारण दोन-तीन मीटरच्या आत येतच नाही. दोरी असते मीटरभरावर. म्हणजे चित्र नीट दिसायला उलट मागे सरकावं लागतं आणि मग आपल्या आणि चित्राच्या मधून लोकांची ये-जा सुरू होते. शिवाय साध्या दुर्बिणीची पुढची दोन भिंगं एकमेकांना समांतर आणि जागच्या जागी बसवलेली असतात. वस्तू जवळ आली की डावं भिंग एक भाग दाखवतं आणि उजवं दुसराच. मेंदूला ती दोन चित्रं जुळवता येत नाहीत, डोळे ताणले जातात आणि पाच मिनिटांत कपाळ दुखायला लागतं.

पॅपिलिओमध्ये फोकसचं चाक जवळच्या बाजूला फिरवलं की पुढची भिंगं सरकतातच, पण सरकताना एकमेकांच्या जवळही येतात. जवळची वस्तू बघताना आपले डोळे जसे नाकाकडे वळतात, तसंच. त्यामुळे ५० सेंटीमीटरवरची वस्तूसुद्धा दोन्ही डोळ्यांना मिळून एकच दिसते, आणि तीही खोलीसकट. ही सगळी हालचाल पुढच्या एका सपाट काचेच्या आत होते, म्हणून भिंगांना बोटं लागत नाहीत. वजन २९० ग्रॅम. बॅटरी लागत नाही.

आता आकडे, कारण दुर्बीण घ्यायची की नाही हे त्यांच्यावर ठरतं. ६.५ पटीच्या मॉडेलचं दृष्टिक्षेत्र ७.५ अंश आहे. व्यवहारात याचा अर्थ असा, की जितक्या अंतरावरून बघाल त्याच्या सुमारे १३ टक्के रुंदीचा गोल एका वेळी दिसतो, आणि वस्तू त्या अंतराच्या साडेसहाव्या हिश्श्यावर आल्यासारखी वाटते. अर्ध्या मीटरवर साडेसहा सेंटीमीटरचा गोल, जणू आठ सेंटीमीटरवरून बघितलेला. एवढ्या जवळ नुसता डोळा नेला तर बहुतेकांना सगळं धूसर दिसतं. एक मीटरवर १३ सेंटीमीटरचा गोल, जणू पंधरा सेंटीमीटरवरून. वीस मीटरवर २.६ मीटरचा गोल, जणू तीन मीटरवरून.

लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं यान व्हान आइकचं १४३४ सालचं आर्नोल्फिनी दांपत्याचं चित्र घ्या. आकार फक्त ८२ × ६० सेंटीमीटर. मागच्या भिंतीवर एक बहिर्गोल आरसा रंगवला आहे, त्याच्या चौकटीत दहा छोट्या वर्तुळांमध्ये ख्रिस्ताच्या यातनांचे प्रसंग आहेत आणि आरशात दारात उभ्या असलेल्या आणखी दोन व्यक्ती दिसतात. नुसत्या डोळ्यांनी मीटरभरावरून ही वर्तुळं म्हणजे रंगीत ठिपके. पॅपिलिओतून आरसा चौकटीसकट एका गोलात मावतो आणि एकेका वर्तुळातल्या आकृत्या सुट्या होतात. आरशाच्या वरच्या चित्रकाराच्या सहीची वळणदार अक्षरंही वाचता येतात. छापील पुस्तकातल्या मोठ्या केलेल्या फोटोत हे सगळं असतं, पण रंगाच्या थराची जाडी आणि त्यावर पडलेला उजेड त्यात नसतो. तो दुर्बिणीत दिसतो.

सगळ्यात जास्त फायदा होतो तो लघुचित्रांना. तळहाताएवढ्या चित्रातल्या दाढीचा एकेक केस, वस्त्राच्या काठावरची नक्षी, सोन्याच्या वर्खावर टोचून केलेली चमक, हे काचेच्या पेटीबाहेरून दुसऱ्या कुठल्याही साध्या उपायाने इतकं स्वच्छ दिसत नाही. त्याखालोखाल जाड रंगलेपनाची तैलचित्रं. कुंचल्याचा फटकारा कुठे सुरू झाला, कुठे रंग संपत आला, ओल्या रंगावरून दुसरा रंग ओढल्यावर काठाला काय झालं, हे सगळं उठावासकट समोर येतं. जुन्या चित्रांवरच्या बारीक तड्यांचं जाळं कुठे अचानक थांबतं तेही बघावं. तिथे बहुतेक वेळा नंतर भरलेला रंग असतो.

उंचावरच्या कामालाही हीच. रोम शहरातल्या व्हॅटिकनमधल्या सिस्टिन चॅपेलचं छत जमिनीपासून सुमारे वीस मीटर उंच आहे. तिथे अडीच मीटरचा तुकडा एका वेळी दिसतो. एकेका आकृतीचा चेहरा आणि हात निवांत बघायला तेवढा पुरतो. मान वर करून उभ्याने बघू नका, हात लगेच थरथरतात. भिंतीकडेचा बाक मिळाला तर बसा आणि डोकं मागे टेकवा.

हीच दुर्बीण ८.५×२१ अशीही मिळते आणि दुकानदार ‘जास्त पॉवर’ म्हणून तीच पुढे करतात. या कामासाठी घेऊ नका. पहिलं कारण उजेड. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताचा व्यास म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास भागिले पट. ६.५ च्या मॉडेलला तो ३.२ मिलिमीटर, ८.५ च्या मॉडेलला २.५. क्षेत्रफळाच्या हिशेबाने पहिलीत सुमारे १.७ पट जास्त उजेड. कागदावरची चित्रं आणि कापड जपण्यासाठी संग्रहालयं उजेड साधारण ५० लक्सवर (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) ठेवतात, तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत देतात. ५० लक्सच्या दालनात हा फरक लगेच जाणवतो. दुसरं कारण हाताची थरथर. तीही तितकीच मोठी होऊन दिसते, आणि दालनात हात टेकायला काही नसतं. तिसरं, ८.५ चं दृष्टिक्षेत्र ६ अंशांचं आहे. मोठ्या चित्रात आपण नेमके कुठे आहोत तेच हरवतं.

पहिल्यांदा हातात घेतल्यावर दहा मिनिटं जुळवणीला द्या. न जुळवता वापरली तर चांगली दुर्बीणही वाईट वाटते. डोळ्यांकडचे दोन्ही भाग जवळ-लांब करून दोन गोलांचा एकच गोल होईपर्यंत अंतर लावा. मग उजवा डोळा मिटून फक्त डाव्याने वीसेक मीटरवरच्या पाटीवरची अक्षरं चाकाने स्पष्ट करा. आता डावा मिटा आणि चाकाला हात न लावता उजव्या डोळ्याकडची कडी फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा. कडीची जागा लक्षात ठेवा, कारण पिशवीत ती सरकू शकते. चष्मा नसेल तर रबरी कडा फिरवून वर काढा, चष्मा असेल तर खाली ठेवा. डोळा आणि भिंग यात १५ मिलिमीटर अंतर चालतं. चष्म्यासाठी हे जेमतेम आहे, जाड फ्रेम असेल तर गोलाची कड थोडी कापली जाईल. नुसता जवळचा किंवा लांबचा नंबर असेल तर चष्मा काढून फोकसने भागतं. सिलिंड्रिकल नंबर जास्त असेल तर चष्मा ठेवावाच लागतो.

दालनात सगळ्यात जास्त त्रास देतो तो उथळ फोकस. अर्ध्या मीटरवर स्पष्ट दिसणारा पट्टा फारच अरुंद असतो. शरीर जरासं पुढे-मागे डुललं तरी चित्र धूसर होतं आणि नवखा माणूस सारखं चाक फिरवत बसतो. चाक सोडा. अंदाजे फोकस लावा, कोपरं बरगड्यांना टेकवा, एक पाय किंचित पुढे ठेवा आणि शरीरच हळू पुढे-मागे नेऊन स्पष्ट जागा पकडा. चित्रापासून ७० ते १०० सेंटीमीटरवर राहिलात तर हा त्रास खूप कमी होतो. अगदी ५० सेंटीमीटर फक्त पेटीतल्या नाण्यांसाठी, हस्तलिखितांसाठी आणि लघुचित्रांसाठी.

चकाकी ही दुसरी अडचण. व्हार्निशवर किंवा चित्रावरच्या काचेवर दिव्याचं प्रतिबिंब पडतं आणि दुर्बिणीत ते पांढऱ्या डागासारखं सगळं झाकून टाकतं. अर्धं पाऊल बाजूला सरका, बहुतेक वेळा तेवढ्याने जातं. पेटीच्या जाड काचेतून मात्र तिरकं बघू नका, कडांना दुहेरी रेषा येतात. तिथे सरळ समोरूनच.

आणि पट्टा! वाकून बघताना गळ्यातली दुर्बीण लोंबकळून पेटीवर किंवा चौथऱ्यावर आपटू शकते. पट्टा छातीच्या वर राहील इतका आखूड करा आणि वाकताना एक हात तिच्यावर ठेवा. पहारेकऱ्यांचं लक्ष दुर्बिणीवर नसतं, तिच्या झोक्यावर असतं. खाली तिपाईसाठी स्क्रूची जागा दिली आहे, पण बहुतेक संग्रहालयांत तिपाई आत नेऊ देत नाहीत.

आता मैफल. पंचविसावी रांग म्हणजे रंगमंचापासून अंदाजे पंचवीस मीटर. तिथून सव्वातीन मीटर रुंदीचा भाग गोलात येतो आणि कलाकार चार मीटरवर बसल्यासारखे वाटतात. गायक आणि तबलजी एकाच गोलात राहतात, हे महत्त्वाचं. गायकाने समेकडे येताना मान कशी वळवली आणि तबलजीने ती कशी पकडली, हा सगळा संवाद एकत्र दिसायला हवा. जास्त पटीच्या, अरुंद दृष्टिक्षेत्राच्या दुर्बिणीत दोघांपैकी एक गोलाबाहेर राहू शकतो आणि दुसऱ्याकडे जाईपर्यंत तो क्षण निघून जातो. सतारीवर मींड घेताना डाव्या हाताने तार पडद्यावरून किती खेचली, तबल्यावर कुठला बोल चाटेवर वाजला आणि कुठला शाईवर, व्हायोलिनच्या ताफ्यात गजांची दिशा एकदम कशी बदलते, हे कानाने ओळखू येणारे तपशील डोळ्याने बघितले की पुढच्या वेळी कान जास्त पकडतो.

सलग मात्र बघू नका. आलाप सुरू झाला की खाली ठेवा, लय वाढली की दोन-तीन मिनिटं लावा. हात वर असताना कोपरं शेजाऱ्याच्या खुर्चीत जातात, तेव्हा ती छातीशी घ्या. बाजूच्या दिव्याचा झोत पुढच्या काचेवर पडला तर सगळं दुधाळ दिसतं. कार्यक्रमपत्रिका टोपीच्या कडेसारखी वर धरली की ठीक होतं. प्रखर दिव्याखाली पांढऱ्या कपड्यांच्या कडेला जांभळट रेषा दिसते, ती या भिंगांची मर्यादा आहे.

अंधाऱ्या रंगमंचावर २१ मिलिमीटरचं भिंग कमी पडतं. अंधारात तरुण माणसाची बाहुली सुमारे सात मिलिमीटरपर्यंत उघडते आणि दुर्बीण तिला ३.२ चाच झोत देते. वयाबरोबर बाहुली कमी उघडायला लागते, त्यामुळे ज्येष्ठांना हा तोटा तितका जाणवत नाही. मोकळ्या मैदानातल्या रात्रीच्या मोठ्या कार्यक्रमांनाही ही दुर्बीण नको. ऐंशी मीटरवरून कलाकार बारा मीटरवर येतो, बोटं दिसत नाहीत. तिथे ८×३२ बरी.

एकडोळी ४×१२ दुर्बीण हलकी असते आणि काही मॉडेल २० सेंटीमीटरपर्यंत जवळ येतात. फक्त दालनांसाठी, खिशात विसरून जाण्यासारखं काही हवं असेल तर ती घ्या, पण एका डोळ्याने रंगाच्या थराची खोली कळत नाही आणि मैफलीत ती लवकर थकवते. दागिन्यासारखी सजवलेली तीन पटींची नाट्यगृही दुर्बीण दालनात निरुपयोगी आहे. हाताची थरथर थांबवणाऱ्या दुर्बिणी, उदाहरणार्थ कॅननची ८×२० आयएस, सभागृहात फार सुंदर चालतात, मात्र बॅटरी लागते आणि दोन मीटरच्या आत फोकस होत नाही.

पॅपिलिओ जलरोधक नाही, तिची नळी सीलबंद नाही. पावसात बाहेर काढू नका. थंड दालनातून दमट हवेत आलात तर अर्धा तास पिशवीतच राहू द्या, नाहीतर आत वाफ धरते. दमट दिवसांत बंद डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. चामडी किंवा कापडी म्यानात महिनोन्‌महिने ठेवलेल्या दुर्बिणीच्या भिंगांवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे येतात आणि ते घरी निघत नाहीत. पुढची काच पुसताना आधी फुंकणीने धूळ उडवा, मगच मऊ कापड.

जुनी घेत असाल तर विक्रेत्यासमोर तीन गोष्टी तपासा. अर्ध्या मीटरवर छापील कागद ठेवून दोन्ही डोळ्यांनी वाचा, अक्षरं दुहेरी दिसली तर आतली सरकती भिंगं बिघडली आहेत. लांबच्या इमारतीच्या गच्चीची आडवी कड बघत दुर्बीण हळूहळू डोळ्यांपासून लांब न्या. डाव्या आणि उजव्या गोलात ती कड एका पातळीत राहिली पाहिजे. वर-खाली झाली तर दुर्बीण पडलेली आहे आणि ती डोकं दुखवणारच. शेवटी चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मध्ये अडकलं किंवा खरखरलं तर परत द्या.