कुडाळमधील डिजिटल सावधगिरीचा वर्ग : क्रिप्टोसाठी उत्तम, एआयसाठी अपुरा

कुडाळच्या एका संगणक केंद्राने बागायतदार आणि निवृत्त मंडळींसाठी चालवलेल्या या वर्गात क्रिप्टोचा, म्हणजे बिटकॉइनसारख्या आभासी चलनांचा, भाग सर्वांत सरस आहे. बिटकॉइनची एकूण संख्या २.१ कोटींवर मर्यादित असली तरी तेवढ्याने त्याचा भाव टिकण्याची हमी मिळत नाही, तसेच २०२२ पासून त्याच्या नफ्यावर ३० टक्के कर लागतो आणि एका व्यवहारातील तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही, हे शिक्षक फळ्यावर आकडेमोड करून दाखवतात. दामदुपटीचे आमिष दाखवणारी ॲप सुरुवातीला थोडे पैसे परतही देतात, कारण पुढची मोठी रक्कम त्याच विश्वासावर उकळायची असते, हा खुलासा तर चाकरमानी मुलांच्या भरवशावर फोन वापरणाऱ्या प्रत्येकाने ऐकावा असा आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने (एआय) ओळखीच्या व्यक्तीचा हुबेहूब आवाज काढून पैसे मागणाऱ्या फोनविषयी मात्र भीतीच अधिक घातली जाते. फोन ठेवून त्या व्यक्तीच्या नेहमीच्या क्रमांकावर आपण स्वतः फोन लावावा, हा साधा उपाय कोणी विचारल्यावरच सांगितला गेला. फसवणूक लक्षात येताच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर कळवल्यास रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता वाढते, ही खरे तर पहिल्याच तासाला सांगण्याची गोष्टही शेवटच्या घाईत उरकली जाते. शुल्क माफक आहे, आणि मालवणीत विचारलेल्या शंकेला मालवणीतच उत्तर मिळते.