पावतीवरचे ५६० फूट

आमचे शेत कर्नाटकातल्या अथणी तालुक्याच्या पूर्वेकडील माळावर आहे. कृष्णाकाठच्या गावांचे पाणी इथवर येत नाही. वर मुरूम, खाली काळा पाषाण, आणि त्याच्या भेगांत पावसाचे जेवढे मुरेल तेवढेच आमचे पाणी. विहीर आटून द्राक्षबाग वाळू लागली, तेव्हा वडिलांनी कर्ज काढून बोअर मारली.

एजंटाने पाठवलेली गाडी रात्री अकराला आली आणि पहाटेपर्यंत काम उरकून निघूनही गेली. पावती कन्नडमध्ये होती. वडील मराठी शाळेत शिकलेले, त्यामुळे आकडे तेवढे पाहून त्यांनी सही केली : खोली ५६० फूट, केसिंग, म्हणजे वरचा मुरूम ढासळू नये म्हणून घालतात तो पाइप, ६० फूट. कॉम्प्रेसरच्या हवेने उसळलेले पाणी पाहून आम्ही हरखलो होतो. असे पाणी भेगांत आधीपासून साठलेलेही असू शकते आणि झऱ्याची खरी ताकद पंप काही तास सलग चालवल्यावरच कळते, हे तेव्हा आम्हाला कोणी सांगितले नाही.

पंप सोडताना मिस्त्रीचा पाइप ३९० फुटांवरच टेकला. दोरीला वजन बांधून मोजले, तरी तेवढेच भरले. एजंट म्हणाला, "काका, आतून ढासळून गाळ बसला असेल." मग आम्ही आत कॅमेरा सोडून पाहिले. केसिंग २० फुटांतच संपले होते आणि त्याखालचा मुरूम सुटत होता. म्हणजे एजंटाचे म्हणणे खरे मानले, तर बोअर बुजली ती अपुऱ्या केसिंगमुळे. आणि खोटे मानले, तर १७० फूट मारलेच नव्हते. आमच्या ठरावात ३०० फुटांनंतर दर शंभर फुटांना भाव चढत होता, त्यामुळे ते न मारलेले फूटच आम्हाला सर्वांत महाग पडले.

कर्नाटकच्या २०११ च्या भूजल कायद्यात बोअरच्या गाडीची नोंदणी सक्तीची आहे. आमच्या पावतीवर मात्र गाडीचा क्रमांक नव्हता, मालकाचे नावही नव्हते, त्यामुळे तक्रार कोणाविरुद्ध लिहायची हेच ठरेना. एजंट आता फोन उचलत नाही.

बोअर मारून घेणाऱ्यांना कळकळीची विनंती आहे की, काम दिवसाउजेडीच करून घ्या, केसिंगचे तुकडे खाली जाण्याआधी मोजा आणि घरातले एक माणूस खोदताना एकामागून एक खाली जाणारे रॉड मोजायलाच बसवा. आमच्याकडच्या गाडीचा रॉड २० फुटांचा होता; ५६० फुटांना २८ रॉड जायला हवे होते, आणि त्या रात्री ते मोजायला आमच्यापैकी कोणीही जागे नव्हते.