शाहूपुरीतलं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान: बॅटरी बदलून झाली, दुखणं भलतीकडंच निघालं

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात सीएनसी मशीनच्या (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कारखान्यातल्या मशीनच्या) कंट्रोलरचं सर्व्हिसिंग करतो. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, जिथनं फोन येईल तिकडं मोटारसायकल काढायची. सॅकमध्ये लॅपटॉप, यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर आणि मल्टिमीटर. लॅपटॉप सेकंडहँड आहे, त्यावर विंडोजऐवजी उबुंटू म्हणजे लिनक्स आहे, आणि माझं पोट त्याच्यावर चालतं. म्हणून हा रिव्ह्यू जरा सविस्तर लिहितोय.

दुखणं असं होतं. मार्चमध्ये कागलला एका फाउंड्रीत जायचं होतं. घरातनं निघताना बॅटरी ८० टक्के बघितली, झाकण मिटलं, सॅकमध्ये टाकला. हायवेला लागेपर्यंत पाठीला ऊब जाणवायला लागली. उन्हानं असेल म्हटलं. तिथं जाऊन सॅक उघडली तर लॅपटॉप इस्त्रीसारखा तापलेला, पंखा जोरात आणि बॅटरी ५२. पुढच्याच आठवड्यात रात्री झाकण मिटून ठेवला आणि सकाळी सुरूच होईना. पार रिकामा.

एका दुसऱ्या दुकानात दाखवला. त्यांनी दोन मिनिटं हातात धरला, "बॅटरी गेली" म्हणून सांगितलं, ३,८०० रुपये घेतले आणि नवी बसवली. चार दिवसांत पुन्हा तेच. परत गेलो तर म्हणाले, लिनक्सला असंच असतं, विंडोज टाकून घ्या. याचा मला खरंच राग आला. मशीन बंद का पडतंय हे न बघता पार्ट बदलणारा माणूस आमच्या धंद्यात महिनाभरसुद्धा टिकत नाही.

मग ओळखीच्या एकानं शाहूपुरीतलं हे दुकान सांगितलं. स्टेशन रोडवरनं आत वळलं की पहिल्या मजल्यावर, अरुंद जिना, 'लॅपटॉप रिपेअर' एवढीच पाटी. आत तिशीतला एक पोरगा आणि त्याचे वडील. वडील सोल्डरिंगचं काम बघतात, बाकी सगळं पोरगा.

त्यानं आधी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलाच नाही. खुर्ची दिली आणि विचारलं, "काका, झाकण मिटल्यावर पॉवरचा दिवा बारीक लुकलुकतोय का तसाच जळतोय?" मी कधी बघितलंच नव्हतं. त्यानं झाकण मिटलं, आम्ही दोघं वाकून बघत बसलो. दिवा एकदा विझल्यागत झाला आणि परत भक्क पेटला. "बॅटरीत काय दोष न्हाई. ह्यो झोपतच न्हाई. झोपाय जातोय आन् कोणतर उठवतंय. कोण ते बघू."

आता पुढचं जरा खोलात लिहितो, कारण याच्यासाठीच मी या दुकानाला पाचपैकी पाच देतोय.

झाकण मिटलं की लॅपटॉपनं पूर्ण बंद न होता वीज वाचवत थांबायचं असतं, ती त्याची झोप. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे सगळी उपकरणं सांभाळणाऱ्या गाभ्यात, या झोपेची तालीम घ्यायची सोय आहे. 'पीएम टेस्ट' नावाची छोटी फाइल असते, तिच्यात कुठल्या टप्प्यापर्यंत जायचं ते लिहायचं. आधी त्यानं 'फ्रीझर' लिहिलं. त्यात नुसते चालू प्रोग्रॅम गोठवतात, पाच सेकंद थांबतात आणि परत सोडतात. ते बरोबर झालं. मग 'डिव्हायसेस' लिहिलं. यात गोठवल्यानंतर डिस्क, साउंड, वायफाय, यूएसबी अशी सगळी उपकरणं एकेक करून झोपवतात, पाच सेकंद थांबतात आणि उठवतात. स्क्रीन काळी झाली. मी मनात आकडे मोजायला लागलो. दोनवरच स्क्रीन परत आली. त्यानं कर्नलचा लॉग (काय काय घडलं त्याची नोंद) उघडला आणि एका ओळीवर बोट ठेवलं: मदरबोर्डच्या पीसीआय जोडणीवरचं अमुक उपकरण झोपायला नकार देतंय, एरर वजा १६. "वजा सोळा म्हंजे बिझी," तो म्हणाला. तो पत्ता त्यानं यादीत शोधला. वायफाय कार्ड निघालं.

कार्ड मीच बसवलेलं. जुनं बिघडल्यावर स्वस्तातलं घेतलं, ते चालेना म्हणून इंटरनेटवरनं कुठला तरी ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्रॅम) उतरवून बसवला. वायफाय सुरू झालं, मी विसरून गेलो. त्या ड्रायव्हरचा झोपेचा भाग कच्चा होता. कर्नल म्हणायचा झोप, तो म्हणायचा काम चालू आहे. आणि झोपवताना एकानं जरी नाही म्हटलं तर कर्नल सगळंच रद्द करतो, तोवर जी झोपलीत त्यांनाही उठवतो. झाकण मिटलेलंच असल्यानं थोड्या वेळानं सिस्टिम परत झोपायचा प्रयत्न करायची, परत नकार. कागलच्या वाटेवर पाठीला लागत होती ती ही ऊब.

एवढं नडतं तरी का, असं मी विचारलं. त्यानं कागदावर झाड काढून दाखवलं. प्रत्येक उपकरण कुणाच्या तरी पोटात असतं: कार्ड ब्रिजच्या, पेन ड्राइव्ह हबच्या, हब कंट्रोलरच्या. कर्नल झोपवताना लेकरांपासून सुरू करतो आणि आईबापांपर्यंत जातो, उठवताना उलटं. मला लगेच पटलं. शेडचा मेन स्विच शेवटचं मशीन थांबल्याशिवाय आपण खाली करत नाही, आणि सकाळी आधी मेन चढवतो, मग मशीन.

उपकरणांच्या झोपेलाही पायऱ्या आहेत. डी-झिरो म्हणजे पूर्ण जागं. डी-थ्री ही सगळ्यात खोल झोप, तिच्यात पुन्हा दोन जाती. डी-थ्री-हॉटमध्ये उपकरण झोपलंय पण वीज पोचतेय, हाक मारली तर ऐकतं. डी-थ्री-कोल्डमध्ये वीजच तोडलेली, म्हणून उठल्यावर ड्रायव्हरला त्याची सगळी सेटिंग नव्यानं भरावी लागते. आमच्याकडं मशीनची मोटार फिरवणारा ड्राइव्ह नुसता स्टँडबायला असेल तर अक्ष जिथल्या तिथं राहतो, पण जुन्या मशीनचा मेन गेला की परत होम पोझिशन, म्हणजे मोजमापाची सुरुवातीची जागा, घ्यावी लागते. अगदी तसंच. वाईट ड्रायव्हर बहुतेक इथंच मार खातात: झोपवता येतं, उठवता येत नाही.

उपाय दहा मिनिटांचा होता. माझ्या कार्डासाठी नव्या कर्नलमध्येच ड्रायव्हर आलेला होता. त्यानं बाहेरचा काढून टाकला आणि मशीन रीस्टार्ट केलं. परत 'डिव्हायसेस'ची तालीम. या वेळी मी मोठ्यानं मोजलं: एक, दोन, तीन, चार, पाच. मग स्क्रीन आली. त्याचे वडीलसुद्धा काम थांबवून बघत होते.

मी पैसे काढायला लागलो तर म्हणाला, "थांबा की काका, अजून एक हाय." झोपेच्या पद्धतीची दुसरी फाइल उघडली. त्यात दोन शब्द: 'एस-टू-आयडल' आणि 'डीप'. चौकटी कंस पहिल्याभोवती, म्हणजे निवड तिची. पहिल्या पद्धतीत प्रोसेसर नुसता निष्क्रिय बसतो आणि बचत किती होणार ते प्रत्येक उपकरण किती खोल झोपतं त्यावर ठरतं. 'डीप'मध्ये जवळजवळ सगळ्याची वीज तोडतात, रॅम तेवढी जिवंत ठेवतात. उठायला दोन-तीन सेकंद जास्त लागतात, पण सॅकमध्ये टाकून फिरणाऱ्याला हेच बरं. काही नव्या लॅपटॉपमध्ये 'डीप' मिळतच नाही, माझ्यात आहे. त्यानं ते बूटच्या ओळीत, म्हणजे मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या सेटिंगमध्ये, कायमचं घालून दिलं.

एका गोष्टीला त्यानं नाही म्हटलं, आणि तेही मला आवडलं. मी पॉवरटॉप नावाचा वीज वाचवायचा प्रोग्रॅम ऐकून होतो, त्यात सगळं 'ऑटो' करून द्या म्हणालो. त्यानं समजावलं की मशीन चालू असतानाही कर्नल रिकामी उपकरणं झोपवतो, याला रनटाइम पॉवर मॅनेजमेंट म्हणतात. ते २००९ मध्ये कर्नलचे प्रोग्रॅमर रफाएल विसोत्स्की यांच्या कामातनं कर्नलच्या २.६.३२ या आवृत्तीत आलं. किती जण उपकरण वापरतायत याचा आकडा कर्नल ठेवतो. आकडा शून्य झाला की थोडी वाट बघतो, यूएसबीला साधारण दोन सेकंद, आणि झोपवतो. "पण सगळंच ऑटो केलं तर माउस दर दोन सेकंदाला झोपंल, पहिली क्लिक वाया जाईल. तुमी मशीनपुढं उभं राहून काम करताय. माउस राहू दे जागा." साउंड आणि कार्ड रीडर तेवढे ऑटोवर ठेवले.

पाऊण तास गेला. घेतले ५०० रुपये. काय काय बदललं ते एका चिठ्ठीवर लिहून दिलं, पुढं कर्नल बदलल्यावर काही बिनसलं तर उपयोगी पडेल म्हणून. ती चिठ्ठी मी सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवलीय.

त्रुटीही सांगतो. बिल मिळत नाही, मागितलं तर वहीतलं पान फाडून देतात. माझ्यासारख्या धंद्यातल्या माणसाला खर्च दाखवायला पक्कं बिल लागतं, ते त्यांनी सुरू करावं. बसायला दोनच खुर्च्या, आणि खाली गाडी लावायला जागा नाही. गाडी बस स्टँडच्या बाजूला लावून चालत गेलेलं बरं.

याला आता तीन महिने झाले. रात्री झाकण मिटताना बॅटरी बघायची सवय लागलीय: नऊ तासांत दोन टक्के जातात. परवा कागलच्या त्याच फाउंड्रीत गेलो, सॅक उघडून लॅपटॉपवर हात ठेवला, गार होता.

अकराच्या आधी जाऊ नका, दुकान उघडत नाही. आणि जाताना लॅपटॉपमध्ये आजवर कुठलं कार्ड बदललं, कुठला ड्रायव्हर बाहेरनं टाकला, ते आठवून जा. तो पहिला तेच विचारतो.