हरमलला सूर्य समुद्रातून उगवत नाही

४ नोव्हेंबर २०२४, संध्याकाळचे सव्वासात. मी, नवरा, सासूबाई आणि दोन्ही मुलं उत्तर गोव्यात हरमलमध्ये एका बंद गेटसमोर गाडी लावून उभे होतो. नकाशावरची खूण तिथेच येऊन संपत होती. आत एक जुनं कौलारू घर आणि अंगणात वाळत घातलेलं जाळं. हॉर्न ऐकून एक म्हातारे गृहस्थ बाहेर आले, आमच्याकडे बघितलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "हांगा हॉटेल ना, बाय." त्यांच्या दारात असे येऊन गेलेले आम्ही त्या महिन्यातले तिसरे.

माझे ५१,५०१ रुपये गेले. आकडा पूर्ण लिहिते, कारण घरात विचारणाऱ्यांना मी कित्येक महिने "पंधरा-वीस हजार" असं सांगत होते.

पॅरिस ऑलिंपिकचं सर्फिंग ताहितीत झालं. तिथे ब्राझीलचा गाब्रिएल मेदिना लाटेवरून हवेत उडालेला असतानाचा फोटो तुम्हीही पाहिला असेल. माझ्या तेरा वर्षांच्या मुलाने तो कपाटाच्या दारावर चिकटवला आणि त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. दिवाळीच्या सुट्टीत भाऊबीज झाली की जायचं ठरलं. पावसाळा ओसरला की हरमल, मांद्रे, आश्वे, मोरजी या पट्ट्यात शिकाऊ मुलांना झेपतील अशा लाटा असतात, शिकवणारेही असतात. सासूबाईंचं माहेर सिंधुदुर्गातलं शिरोडा, म्हणजे तेरेखोल नदीपलीकडे. त्यांनाही भावाकडे जाऊन येता येईल असा सगळा विचार होता.

सोशल मीडियावर जाहिरात दिसली. समुद्राला लागून तळमजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, अंगणात सर्फबोर्ड. रात्रीचे ६,५००. चार रात्रींचे २६,००० आणि दोन्ही मुलांच्या तीन दिवसांच्या शिकवणीचे ९,०००, एकूण ३५,०००. भाव फार स्वस्त असता तर मला संशय आला असता. तो तसा नव्हता, बाजारभावापेक्षा थोडाच कमी होता. व्हॉट्सॲपवर बोलणारा माणूस अदबशीर होता, मुलांची उंची-वजन विचारत होता, पोहता येतं का विचारत होता. कुठल्या आईला हे खोटं वाटेल?

१८ सप्टेंबरला निम्मे म्हणून १७,५०० पाठवले. पैसे पाठवताना स्क्रीनवर एका व्यक्तीचं नाव आलं, ते जाहिरातीतल्या नावाशी जुळत नव्हतं. विचारलं तर म्हणाला, आमच्या अकाउंटंटचं खातं आहे. आता सगळे मला म्हणतात, तिथेच थांबायचं. पण कोकणात घरगुती मुक्कामाचे पैसे आपण असेच देतो ना? हर्णैला घरमालकाच्या बायकोच्या खात्यावर दिलेत, मालवणला मुलाच्या. कधी काही झालं नाही. त्यामुळे नावाबद्दल मी स्वतःला दोष देत नाही.

दोष देते तो सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातल्या एका रात्रीबद्दल.

त्याने बावीस सेकंदांचा व्हिडिओ पाठवला होता. खाली लिहिलेलं, "तुमच्या ओसरीतून सकाळचं दृश्य". माड, वाळूत उभे केलेले बोर्ड आणि समोर पाण्यातून वर येणारा केशरी सूर्य. सासूबाई टेबलाशी मेथी निवडत होत्या. मी कौतुकाने फोन त्यांच्यासमोर धरला. त्यांनी हात पदराला पुसले, चष्मा लावला आणि व्हिडिओ दोनदा बघितला. पुण्यात चाळीस वर्षं झाली तरी मनातलं बोलताना त्या मालवणीवर येतात. म्हणाल्या, "हरमलाक सूर्य दर्यात बुडता गो. वर खंयसून येतलो?"

मी काय म्हणावं? "अहो आई, सूर्यास्ताचाच असेल, उलटा चालवला असेल." आणि फोन परत घेतला. त्या काही बोलल्या नाहीत, मेथी निवडू लागल्या.

सबंध गोव्याला समुद्र पश्चिमेला. चौथीतल्या मुलाला कळतं. शिरोड्याच्या किनाऱ्यावर वाढलेली बाई माझ्या स्वयंपाकघरात बसून मला सांगते आहे की हा समुद्र आपला नाही, आणि मी तिला व्हिडिओ उलटा चालवल्याचं सांगते. त्या क्षणी माझे फक्त १७,५०० गेले होते. उरलेले ३४,००१ त्या वाक्यानंतर गेले. नंतर व्हिडिओतलं एक चित्र काढून शोधलं तर ते श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अरुगम बेचं निघालं. तेही सर्फिंगचंच गाव, पण तिथे सूर्य खरोखर समुद्रातून उगवतो. जागेचे फोटो आले की आधी असा चित्रावरून शोध (रिव्हर्स इमेज सर्च) घ्या. दोन मिनिटं लागतात. मी तो घेतला पैसे गेल्यावर.

३ ऑक्टोबरला, उरलेली रक्कम आताच भरली तर एकूण बिलावर १० टक्के सूट म्हणून १४,०००. त्याने बिलही पाठवलं, जीएसटी क्रमांकासकट. मी नोकरीत दिवसभर जीएसटीचीच रिटर्न भरते. क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, गोव्याचे ३०, आपले २७. या बिलावर ०७ होतं, म्हणजे दिल्ली. ऑफिसात असं बिल माझ्या टेबलावर आलं असतं तर मी ते परत पाठवलं असतं. घरी मी फक्त खालची रक्कम बघितली.

२६ ऑक्टोबरला परत मिळणारी अनामत म्हणून १०,०००. अर्ध्या तासात त्याचा फोन. सिस्टीम गोल रक्कम घेत नाही, १०,००१ असे पाठवा, आधीचे चोवीस तासांत आपोआप परत येतील. दिवाळी तोंडावर, फराळ अर्धवट, गॅसवर चकलीचं तेल तापलेलं. पाठवले. चोवीस तासांत काही आलं नाही. मी विचारलं, तो म्हणाला, सणामुळे बँका संथ आहेत. तेव्हाच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला असता तर शेवटचे पैसे कदाचित खात्यात अडवता आले असते. परत देण्यासाठी म्हणून कोणी आणखी पैसे मागितले की तिथेच थांबा. त्याला जाब विचारत बसू नका, थेट १९३० लावा.

मी तो फोन केला ४ तारखेला, त्या गेटसमोरून, नऊ दिवसांनी. पलीकडच्या बाईंनी शांतपणे चारही व्यवहारांचे बारा आकडी क्रमांक लिहून घेतले. हे क्रमांक आधीच एका कागदावर काढून ठेवा, गाडीच्या दिव्यात ते शोधताना माझे हात थरथरत होते. तक्रार नोंदली गेली. नंतर कळलं, त्या खात्यात ३१२ रुपये उरले होते.

रात्री किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंद्यावरून शिरोड्याला गेलो. मामांनी काहीही न विचारता भात टाकला, सोलकढी केली. मुलगा जेवताना म्हणाला, "आई, मला नाही शिकायचं सर्फिंग." त्याला वाटत होतं की सगळं त्याच्यामुळे झालं.

आता पुढचं, ज्याने मी जास्त पेटले आहे. पुण्यात परतल्यावर आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यात ११ ते ३ बसवलं आणि सांगितलं, साहेब निवडणुकीच्या बंदोबस्तात आहेत, निकालानंतर या. २५ नोव्हेंबरला पुन्हा गेले. "मॅडम, घटना गोव्यातली, तिथे द्या." मी म्हटलं, पैसे मी पुण्यात बसून पाठवलेत. आणि १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, खबर घ्यावीच लागते. मी ते कलम छापून नेलं होतं. समोरच्या माणसाने कागद हातातही घेतला नाही. म्हणाला, इथे चाळीस लाख गेलेले लोक बसलेत, तुम्ही ५१ हजारांचं काय घेऊन आलात? माझा दोन महिन्यांचा घराचा हप्ता आहे तो. ज्याचे चाळीस लाख गेले त्याचं ऐका, जरूर ऐका, पण माझी तक्रार लिहून घ्यायला दहा मिनिटं लागली असती. शेवटी साधा अर्ज घेतला. पोच मागितली तर शिक्का शोधायला वीस मिनिटं. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

बँकेचं वेगळंच. शाखेने कस्टमर केअरला पाठवलं, कस्टमर केअरने शाखेत. एकवीस दिवसांनी दोन ओळींचा मेल: व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केला आहे, सबब तक्रार बंद. रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक मी वाचलंय. तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर जबाबदारी नाही, पण ते आपल्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना. फसवून घेतलेली परवानगी ही परवानगीच धरतात. ज्या खात्यात माझ्यासारख्या कितीतरी जणांचे पैसे आले आणि तासाभरात बाहेर गेले, ते खातं उघडताना त्या बँकेने काय तपासलं, हे मी लेखी विचारलं. उत्तर नाही.

अनोळखी जागेला यूपीआयने आगाऊ रक्कम देऊ नका. क्रेडिट कार्डाने दिले तर निदान वाद घालायला दार उघडं राहतं. गोव्यात हॉटेल असो की गेस्ट हाऊस, १९८२ च्या कायद्याने पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते, तो क्रमांक मागा आणि खात्याला फोन करून पडताळा. व्हिडिओ पाठवला तर समोरून चालू कॉलवर गेट, रस्ता, शेजारचं दुकान दाखवायला सांगा. जवळपास कोणी नातेवाईक, ओळखीचं असेल तर लाजू नका. शिरोड्याहून मामा तासाभरात जाऊन बघून आले असते, मी त्यांना फोनच केला नाही. आणि घरातलं मोठं माणूस काही म्हणालं तर फोन बाजूला ठेवून ऐका.

सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर माझी तक्रार दहा महिने "प्रक्रियेत" आहे. परवा तोच बावीस सेकंदांचा व्हिडिओ पुन्हा दिसला. जागेचं नाव वेगळं, नंबर वेगळा, भाव रात्रीचे ७,२००, आणि खाली लिहिलंय: गोकर्ण, ओसरीतून सूर्योदय. मी रिपोर्ट केला, नवऱ्याने केला, ऑफिसातल्या सहा जणींनी केला. आज सकाळी बघितलं, जाहिरात चालू आहे.