नऊ वर्षे जुनी, कमी चाललेली पिकअप : लांबच्या प्रवासाची तयारी आणि नंतरचे महिने

२०१६ ची डबल कॅब, म्हणजे आसनांच्या दोन रांगांची डिझेल पिकअप, मीटरवर जेमतेम ३१ हजार किलोमीटर, एकच मालक आणि पांढरी नंबरप्लेट, अशी गाडी दिवाळीनंतर घेतली आणि तेव्हापासून ती नियमित वापरात आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण सांगायचे आहे ते एखाद्या मॉडेलच्या गुणदोषांविषयी नसून, मुलुंडच्या एका सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये वर्षानुवर्षे उभ्या राहिलेल्या गाडीविषयी आहे. आधीच्या मालकांनी ती कर्जतच्या शेतासाठी घेतली होती. पुढे शेतावरच्या फेऱ्या कमी झाल्या आणि गाडी महिन्यातून एखाद्या वेळी बाजारापुरती निघू लागली. मे महिन्यात नागपूरला जायचे नक्की असल्याने तयारीसाठी हाताशी पुरेसा वेळ होता.

कमी किलोमीटरची किंमत विकणारा पुरेपूर लावतो, मात्र उभ्या राहिल्याने जे वय वाढते ते मीटरवर दिसत नाही. भांडुपचे आमचे मिस्त्री बॉनेट उघडण्याआधीच म्हणाले, ''मीटर राहू द्या साहेब, आधी टायरवरचं साल बघू.'' टायरच्या बाजूवर जो लांबलचक कोड असतो, त्यातले शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. आमच्या टायरवर ३११६ होते, म्हणजे २०१६ चा ३१ वा आठवडा. नक्षी जवळजवळ नव्यासारखी होती, पण बाजूचे रबर वाकवून पाहिल्यावर केसाएवढ्या बारीक भेगांचे जाळे स्पष्ट दिसले. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांपलीकडे, नक्षी शिल्लक असली तरी, वापरू नयेत असे टायर बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात. सरळ रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने धावताना, त्यातही हवा थोडी कमी असेल तर, टायरची बाजू सतत दुमडत राहते, आतली उष्णता वाढत जाते आणि कडक झालेले रबर ती सहन करू शकत नाही. समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवरून मे महिन्यात जायचे असताना येथे काटकसर करणे मला पटले नाही. स्टेपनीसह पाचही टायर बदलले आणि एकूण खर्चातला सर्वांत मोठा वाटा त्यांनीच घेतला. नायट्रोजन मात्र भरला नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दाराच्या चौकटीवरील स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना, रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा वेगवेगळा दाब ठेवणे अधिक उपयोगाचे आहे.

स्टेपनीविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण जुनी पिकअप घेणारे बहुतेक जण ती पाहतच नाहीत. ती हौद्याच्या, म्हणजे मागच्या सामानाच्या उघड्या भागाच्या खाली लोखंडी दोरावर टांगलेली असते आणि मागच्या बंपरजवळच्या भोकातून लांब दांडा घालून, फिरवून खाली उतरवावी लागते. आमच्या गाडीत दांडा बरोबर बसला, पण फिरेना. नऊ पावसाळ्यांचा चिखल आणि गंज दोर गुंडाळणाऱ्या छोट्या रहाटात घट्ट बसला होता. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरवून, दांडा थोडा पुढे-मागे करत मिस्त्रींनी शेवटी तो हलवला, तेव्हा दोराचे दोन पेड तुटलेले निघाले. दोरासह पूर्ण रहाट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळाला. हेच काम महामार्गाच्या कडेला, शेजारून ट्रक जात असताना करावे लागले असते तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. गाडी घेण्यापूर्वीच विकणाऱ्यासमोर स्टेपनी उतरवून दाखवायला सांगावे, असे माझे आता स्पष्ट मत आहे.

ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचे झाले होते. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि मुंबईच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही. डॉट ४ प्रतीचे ताजे तेल किमान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही; ओलावा शोषल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते, आणि घाट उतरताना तेल उकळून त्यात वाफ झाली तर पेडल थेट खाली जाते. तेल पूर्ण बदलून हवा काढली, मागचे ड्रम उघडून साफ केले, आणि नागपूरच्या आधी नाशिकपर्यंत चाचणीची फेरी मारली. कसारा घाट चढून थांबल्यावर प्रत्येक चाकाजवळ उलटा हात नेऊन पाहिला, तेव्हा मागचे डावे चाक इतरांपेक्षा बरेच तापलेले आढळले. हँडब्रेकची केबल आतून गंजून अर्धवट ओढलेलीच राहत होती. वाटेत गाडी फार हळू घेऊन परत आणली आणि केबल बदलली. गॅरेजच्या दारात गाडी दहा वेळा चालू-बंद करूनही हा दोष कधी दिसला नसता.

इंजिन ऑइल, कूलंट आणि फिल्टर यांबद्दल वेगळे सांगण्यासारखे काही नाही. मुदत वर्षांचीही असते, म्हणून सगळे बदलले. ऑइल मात्र हजारेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा बदलले, कारण छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापत नाही आणि पाणी व काजळी ऑइलमध्येच साठत जाते. टाकीतले जुने डिझेल काढताना तळाला पाणी निघाले. अर्ध्या रिकाम्या टाकीत दमट हवेचे पाणी होते, आणि कॉमन रेलचा, म्हणजे फार मोठ्या दाबाने डिझेल फवारणाऱ्या यंत्रणेचा, पंप व इंजेक्टर यांना ते अजिबात चालत नाही. रबरी होज, फॅन बेल्ट आणि बॅटरी हेही वयाकडे पाहूनच बदलले. उंदरांनी बॉनेटखालच्या दोन वायरी सोलून ठेवल्या होत्या आणि एसीच्या फिल्टरमध्ये कागदाच्या कपट्यांचे घरटे केले होते. सोसायटीतल्या उभ्या गाडीत हे भाडेकरू गृहीतच धरावेत.

कागदपत्रांत एकच गोष्ट जपावी लागली : जुन्या मालकांचा फास्टॅग बंद झाल्याशिवाय त्याच गाडीवर नवा मिळत नाही. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी म्हणून उच्च सुरक्षा नंबरप्लेटही बसवून घेतली.

प्रत्यक्ष प्रवासाबद्दल तक्रार नाही. समृद्धी महामार्गाची लांबी ७०१ किलोमीटर आणि मोटारींना वेगमर्यादा १२० ची असली, तरी आम्ही ९० च्या आसपास राहिलो. त्या वेगाला लिटरमागे साडेबारा किलोमीटर मिळाले आणि विदर्भाच्या दुपारी एसी चालू असतानाही तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. हौदा रिकामा असताना मागच्या चाकांवरच्या कडक पाट्यांच्या स्प्रिंगमुळे मागचा भाग उडतो आणि मागे बसणाऱ्यांची पाठ धरते. शेतीच्या सामानाने हौदा भरला की हीच गाडी शहाण्यासारखी चालते. कुटुंबाला घेऊन रिकाम्या हौद्याने सतत फिरायचे असेल, त्यांनी पिकअपऐवजी दुसरे काही पाहावे.

पावसाळ्यात दुसरा अंक सुरू झाला. वर्षानुवर्षे न हललेली सील, म्हणजे ऑइल अडवणारी रबरी कडी, आणि होज नियमित वापर सुरू झाल्यावर एकेक करून पाझरू लागली : आधी पॉवर स्टिअरिंगचा होज, मग मागच्या ॲक्सलचे उजवे सील. त्याचे ऑइल ब्रेक लायनरवर उतरण्याआधीच चाकाच्या आतल्या बाजूचा ओला डाग मिस्त्रींच्या नजरेस आला, म्हणून लायनर वाचले. डावे सील अजून कोरडे आहे, पण त्याचेही वय तेवढेच असल्याने पुढच्या सर्व्हिसला तेही बदलण्यास सांगितले आहे.